पालेगावचं पाणी आणि खाडीतलं कालव

अंबरनाथजवळच्या पालेगावात कालव मिळणार नाही. त्याला मचूळ नाहीतर खारं पाणी लागतं. पण अंबरनाथ-उल्हासनगरचं सांडपाणी वालधुनी नदीतून उल्हास नदीत आणि तिथून वसईच्या खाडीत जातं, म्हणजे कालवांच्या मुलखात.

कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग कठीण पृष्ठभाग शोधून जन्मभरासाठी चिकटतं. जुनी शिंप त्याला फार मानवते. म्हणून न्यूयॉर्कच्या बंदरात हॉटेलांतल्या रिकाम्या शिंपा गोळा करून त्यांवर पिल्लं बसवतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. आपल्याकडे त्याच शिंपा भाजून चुना करत! पालघर जिल्ह्यातल्या केळव्याच्या खाडीतल्या कालवांचा अभ्यास दुर्वे आणि बाळ या संशोधकांनी 1960च्या सुमारास केला होता. अलीकडे सिंधुदुर्गात बचतगटांतल्या महिला कालवं वाढवतात.

कालव पाणी गाळून त्यातले सूक्ष्मजीव खातं, पाणी नितळ होतं. मात्र शिसं, कॅडमियमसारखे धातू त्याच्या मांसात साठतात. ते नाहीसे होत नाहीत. त्यामुळे खाडीत कालवं सोडून पाणी शुद्ध करू, हा बेत इथे उलटा आहे. आधी कारखान्यांचं आणि शहरांचं सांडपाणी प्रक्रिया करूनच वालधुनीत सोडायला हवं. तोवर घाण खाडीतली कालवं खाऊ नयेत.