अणूंचा थर आणि नावांची यादी : मोजमापाचे दोन प्रश्न

धातू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तांब्याचा हंडा, लोखंडी कांब किंवा ॲल्युमिनियमचे पातेले उभे राहते. परंतु धातूचे आणखी एक रूप आपल्या अवतीभवती सतत वावरत असते. वेफर्सच्या पाकिटाची आतील रुपेरी चकाकी, आरशामागचा लेप, मोबाईलच्या चिपमधील सूक्ष्म जोडण्या ही सर्व धातूच्या पातळ पटलांची उदाहरणे होत. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ८० हजार नॅनोमीटर भरते. अशा पटलाची जाडी बहुधा काही नॅनोमीटरपासून एक-दोन हजार नॅनोमीटरपर्यंत असते. तांब्यात अणूंच्या दोन लगतच्या थरांमधील अंतर सुमारे ०.२ नॅनोमीटर आहे. म्हणजे २० नॅनोमीटर जाडीच्या पटलात अणूंचे जेमतेम शंभर थर असतात. आपल्या उपनगरातच, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, अशी पटले तयार करून तपासण्याचे काम चालते.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. असे पटल कसे वाढते हे संगणकावर कसे पाहतात, हा पहिला. आणि अशा संशोधनावर जेव्हा अनेकांची नावे असतात, तेव्हा कोणाचे श्रेय किती हे कसे ठरवतात, हा दुसरा. वरवर पाहता या प्रश्नांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी मोजमापाची एकच अडचण आहे.

अणू कोठे स्थिरावतो?

निर्वात पात्रात धातू तापवला की त्याची वाफ होते आणि तिच्यातील अणू समोरच्या थंड पृष्ठभागावर येऊन पडतात. अणू पडला तेथेच चिकटून राहिला असता, तर गणित सोपे होते. पावसाचे थेंब अंगणातील फरश्यांवर पडतात, तेव्हा काही फरश्यांवर जास्त आणि काहींवर कमी पडतात. तसेच येथे होईल. संभाव्यतेच्या नियमानुसार उंचीतील चढउतार सरासरी थरसंख्येच्या वर्गमुळाइतका येतो. शंभर थर टाकले तर पृष्ठभाग सुमारे दहा थरांनी खालीवर झालेला आढळेल. इतके खडबडीत पटल पुष्कळ कामांना निरुपयोगी ठरते.

प्रत्यक्षात अणू स्वस्थ बसत नाही. तो पृष्ठभागावर शेजारच्या जागी उडी घेतो, दुसरा अणू भेटला की त्याच्याशी जोडला जातो आणि अशा जोडण्यांतून लहान बेटे तयार होतात. उडी घेण्यासाठी त्याला ऊर्जेचा एक अडथळा ओलांडावा लागतो. अणू सेकंदाला सुमारे दहा लाख कोटी वेळा थरथरतो, आणि प्रत्येक थरथर म्हणजे उडीचा एक प्रयत्न. अडथळा ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल, तर खोलीच्या तापमानाला सेकंदात सुमारे ४० हजार प्रयत्न यशस्वी होतात. अडथळा ०.८ झाला की तोच अणू सुमारे तीन सेकंदांत एकदाच हलतो. अडथळा दुप्पटही झाला नाही, पण वेग लाखपटीने घसरला. तापमानात थोडा फरक पडला तरी पटलाचा पोत का पालटतो, याचे उत्तर या गणितात आहे.

आणखी एक बारकावा येथे ध्यानात घ्यावयास हवा. बेटाच्या माथ्यावर पडलेल्या अणूला कडेवरून खाली उतरताना अनेकदा जादा अडथळा लागतो. ही गोष्ट १९६६ मध्ये पुढे आली आणि ती मांडणाऱ्यांच्या नावांवरून तिला एर्लिक-श्वोबेल अडथळा म्हणतात. अणू खाली उतरू शकले नाहीत तर बेटावर बेट रचले जाते आणि सपाट पटलाऐवजी ढिगारे उभे राहतात.

संगणकातील फासे

अणूंची ही हालचाल संगणकावर पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक अणूवरील बल काढून त्याला पुढे सरकवणे. पण अणूची थरथर इतकी जलद असते की प्रत्येक पाऊल सेकंदाच्या एकावर पंधरा शून्ये इतक्याव्या भागाचे घ्यावे लागते. एक थर वाढण्यास एक सेकंद लागत असेल, तर तेवढी पावले चालण्याची ताकद संगणकात नाही.

म्हणून शास्त्रज्ञ थरथर सोडून देतात आणि फक्त उड्या मोजतात. या क्षणी कोणकोणत्या घटना घडू शकतात याची यादी संगणक करतो. नवा अणू पडेल, अमुक अणू डावीकडे जाईल, तमुक कडेला चिकटेल, अशी ती यादी असते. प्रत्येक घटनेपुढे तिचा वेग लिहिलेला असतो. मग फासा टाकावा तशी यादृच्छिक संख्या घेऊन एक घटना निवडली जाते. ज्या घटनेचा वेग अधिक, तिचा क्रम लागण्याचा संभव अधिक. घटना घडवून घड्याळ तेवढे पुढे सरकवायचे आणि यादी पुन्हा करायची. बॉर्ट्झ, कालोस आणि लेबोविट्झ यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या या रीतीमुळे निष्फळ प्रयत्नांवर वेळ खर्च होत नाही. मोनॅको येथील जुगारगृहावरून तिच्या कुळाला माँटे कार्लो हे नाव पडले आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुणे विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक विज्ञान विभागातील एस. व्ही. घैसास यांनी ए. मधुकर यांच्यासह १९८६ मध्ये स्फटिकथरांच्या वाढीचा माँटे कार्लो अभ्यास ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध केला. तो अर्धवाहकांविषयी होता. पण अणू पडणे, उडी घेणे आणि कडेला चिकटणे ही भाषा धातूंनाही तशीच लागू पडते. १९९२ मध्ये शंकर दास शर्मा आणि घैसास यांचा निबंध त्याच नियतकालिकात आला. अणूने शेजारची कोणती जागा निवडावी याचे साधे नियम घेऊन पृष्ठभाग कसा वाढतो, हा त्याचा विषय होता.

श्रेयाचे गणित

येथे दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. १९९२ च्या निबंधावर दास शर्मा हे नाव आधी आणि घैसास नंतर आहे. आधीच्या नावाचे काम अधिक, असा निष्कर्ष काढावा काय? रोमन लिपीत ‘डी’ हे अक्षर ‘जी’च्या आधी येते. म्हणजे हा क्रम वर्णानुक्रमाशी जुळतो आणि नुसत्या यादीवरून वाटा कळत नाही. आपल्या वर्णमालेत तर ‘घ’ हा ‘द’च्या आधी आहे, निबंध मराठीत निघता आणि नावे वर्णानुक्रमे लागती, तर क्रम उलटला असता!

श्रेय वाटण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिलीत प्रत्येक लेखकाला पूर्ण एक निबंध मोजतात. दुसरीत समान वाटणी होते. तिघे असतील तर प्रत्येकी एक तृतीयांश. तिसरीत क्रमाला वजन देतात. पहिल्याला १, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एक तृतीयांश घेऊन बेरीज १०० टक्क्यांवर आणली, की तिघांचे वाटे सुमारे ५४.५, २७.३ आणि १८.२ टक्के येतात. एकाच कामाचे तीन निरनिराळे हिशेब लागतात आणि प्रत्येकाला आपापले समर्थन आहे.

संदर्भांची मोजणी मात्र नवी नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९४८ मध्येच ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याची कल्पना मांडली होती. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला याची सूची करावी, असे युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सुचवले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ग्रंथालयशास्त्रज्ञांनी सी. व्ही. रामन यांच्यासह काही शास्त्रज्ञांच्या प्रकाशनांचे संख्यात्मक अभ्यास केले. २००५ मध्ये होर्हे हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ दिला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख मिळाले आहेत, पण अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा मिळालेले नाहीत, त्याचा निर्देशांक दहा. आता एकाच्या दहा निबंधांना दहा-दहा उल्लेख आहेत आणि दुसऱ्याच्या दहा निबंधांना पाचशे-पाचशे, असे समजा. दोघांचाही निर्देशांक दहाच येतो. शिवाय टीका करण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात एक म्हणूनच मोजला जातो.

हे केवळ विद्वानांचे कोडे नाही. त्यावर नोकरी आणि बढती ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीत प्रथम लेखक आणि मार्गदर्शक यांना मिळून ६० टक्के आणि उरलेल्यांत ४० टक्के गुण वाटले जात. बेरीज १०० होई. २०१८ च्या नियमावलीत दोनच लेखक असल्यास प्रत्येकाला ७० टक्के, आणि अधिक असल्यास प्रमुखाला ७० व इतर प्रत्येकाला ३० टक्के गुण ठरले. या हिशेबाने पाच लेखकांचा निबंध १९० टक्के होतो आणि दहा लेखकांचा ३४० टक्के. काम तेवढेच असताना नाव वाढवले की एकूण गुण वाढतात. अशा नियमात एखादे नाव फुकट घालण्याचा मोह दडलेला असतो. दुसऱ्या टोकाला, २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील एका निबंधावर ५,१५४ लेखक होते. आपली टाटा मूलभूत संशोधन संस्थाही त्या प्रयोगांपैकी एकात सहभागी आहे. तेथे क्रमाला काय अर्थ उरतो?

पृष्ठभाग आणि इतिहास

दोन्ही प्रश्नांचे साम्य आता ध्यानात येईल. पटलाचा खडबडीतपणा हा एक आकडा आहे. तोच आकडा असलेली दोन पटले आतून अगदी भिन्न असू शकतात. एक रुंद टेकड्यांचे, तर दुसरे अरुंद सुळक्यांचे. संगणकावरील प्रतिरूपाचे मोल असे की तेथे प्रत्येक अणू कोठून आला हे नोंदलेले असते. उल्लेखांच्या मोजणीत आपल्यापुढे फक्त पृष्ठभाग असतो. काम कसे घडले हा इतिहास दिसत नाही. म्हणून २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संशोधन-नियतकालिकांच्या संपादकांनी व प्रकाशकांनी असा जाहीरनामा तयार केला की, संशोधकाची पारख नियतकालिकाच्या आकड्यावरून करू नये. अलीकडे अनेक नियतकालिके कल्पना, आज्ञावली, मोजमाप, लेखन, मार्गदर्शन अशा चौदा भूमिकांपैकी कोणी कोणती पार पाडली हे छापतात. हा मार्ग निर्दोष नाही, पण तो इतिहासाच्या जवळ जाणारा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी अनेक जण घरातील पहिले पदवीधर होतील आणि काही प्रयोगशाळेतही पोहोचतील. ज्याच्या पाठीशी मोठे नाव किंवा जुनी ओळख नसते, त्याचे काम नोंदीवाचून सर्वांत आधी नाहीसे होते. यासाठी तीन सवयी आतापासूनच लावून घ्याव्यात. प्रयोगाची वही तारखेसह लिहावी. नावांचा क्रम कामाच्या आरंभीच बोलून ठरवावा. आणि ज्याने उपकरण जुळवले, ज्याने रात्र जागून नोंदी घेतल्या, त्याचे नाव आपल्या यादीतून गळू देऊ नये. विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर पाच जणांची नावे लिहिताना प्रत्येकापुढे त्याचे काम लिहून पाहा. पटल सपाट होते ते प्रत्येक अणूला त्याची जागा सापडल्यामुळे. ज्ञानाचा थर मजबूत होतो तोही प्रत्येक हाताची नोंद राहिल्यामुळे.