मूठ आणि माप

रिओच्या ऑलिंपिकमध्ये १० ऑगस्ट २०१६ रोजी दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओ याने पन्नास मीटर पिस्तुलाचे लागोपाठ तिसरे सुवर्णपदक मिळविले आणि पुढल्याच वर्षी तो प्रकार ऑलिंपिकच्या पटावरून खारीज झाला, या गोष्टीला आता दशकाचा काळ लोटत आला असता, ज्या क्लबात मी उणीपुरी चाळीस वर्षे नेम धरीत आलो तेथे तिचे कोणास स्मरण असेल अशी माझी अपेक्षा नव्हतीच. पण विस्मरण निराळे आणि हकालपट्टी निराळी. गेल्या महिन्यात रेंजच्या मागल्या खोलीतील सुतारी बाक अडगळ ठरवून विकण्यात आला, कारण तेथे इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांचे पडदे ठेवावयाचे होते. बाकाच्या खणातून दोन कानशी, वाळून दगड झालेला लांबीचा एक गोळा आणि अक्रोडाच्या लाकडाची, मधोमध तडकलेली एक मूठ निघाली. ती एका मुलाने उचलून मला विचारले, “काका, ही कुठल्या पिस्तुलाची?” पिस्तुलाचे नाव ओठावर आले होते, पण मी म्हणालो, “पिस्तुलाची नव्हे रे, माझ्या हाताची.” त्यास ते उत्तर विक्षिप्त वाटले असावे. तो आणि त्याचा मित्र त्या वेळी वेगळ्याच निकडीच्या प्रश्नात गढले होते: मूठ ‘स्मॉल’ मागवावी की ‘मीडियम’.

या खेळाचा समग्र इतिहास सांगत बसण्याची मला हौस नाही. १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकपासून पिस्तूल त्यात होते. आपल्याकडे १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले, म्हणून त्यांच्या नावाची स्पर्धा चालते. १९८८ साली सोल येथे दहा मीटर एअर पिस्तुलाने ऑलिंपिकमध्ये प्रवेश केला. हा सारा दप्तरी तपशील आहे. त्यातून एकच माणूस वेगळा काढून ठेवतो. हंगेरीच्या कारोली ताकाच याचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने नेम धरावयास शिकून १९४८ व १९५२ अशी दोन सुवर्णपदके मिळविली. मी डावखुरा आहे.

मला खरोखर सांगावयाचे आहे ते १९८५ ते १९९५ या दशकाविषयी. परदेशी पिस्तूल मिळविणे म्हणजे त्या काळी एक स्वतंत्र अनुष्ठान होते. नामांकित नेमबाज असल्याचा दाखला, परवान्याचा अर्ज, त्यावरील शेरे, जकातीची कचेरी आणि ‘उद्या या’ हे सर्वत्र एकाच स्वरात उच्चारले जाणारे फर्मान, इतक्या पायऱ्या चढून जे शस्त्र क्लबात येई ते सर्वांचे असे आणि म्हणूनच कोणाच्याच हातात नीट बसत नसे. आमच्याकडे सोव्हिएत बनावटीचे एक तोझ-३५ होते: ०.२२ व्यासाचे, एका वेळी एकच गोळी घेणारे, आणि ज्याच्या चापाला श्वासाचा स्पर्शही पुरेल असे. त्याची मूठ उजव्या हाताची होती. त्या वेळचे आमचे एक प्रशिक्षक, ज्यांचे नाव येथे घेण्याची गरज नाही, यांचा सिद्धांत असा की पिस्तूल उजवे आहे, सबब माणसाने उजवे व्हावे. मी ताकाचचा दाखला दिला. “त्याचा उजवा हात गेला होता,” ते म्हणाले, “तुझा शाबूत आहे ना?” या युक्तिवादाचे उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही, ते पुढे दीड वर्ष त्या बाकावर कानशीने लिहावे लागले.

पन्नास मीटरच्या त्या प्रकारास ‘फ्री पिस्तूल’ म्हणत ते यथार्थ होते. शस्त्राच्या आकारास बंधन नव्हते, वजनास नव्हते, चापाच्या जोरासही नव्हते. मुठीने हाताला हातमोज्यासारखे वेढून घेतले तरी हरकत नव्हती, मनगट तेवढे मोकळे राहिले पाहिजे इतकाच दंडक होता. मी पहिली मूठ केली ती फार जाड झाली. दुसरीच्या स्क्रूचे भोक लाकडाच्या रेषेच्या फार जवळ पाडले, आणि ती तडकली. हीच ती खणातली. तिसरीच्या वेळी शेजारच्या आळीतील एका वृद्ध सुताराने मला युक्ती शिकविली. तळहातास गेरू चोळावा, मूठ घट्ट आवळावी आणि सोडावी. लाकडावर जेथे तांबडा डाग उमटेल तेथे उंचवटा आहे, तेवढाच कानशीने उतरवावा आणि पुन्हा गेरू चोळावा. जेथे डागच उमटत नाही तेथे पोकळी आहे, ती लांबीने भरावी. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यापासून चापापर्यंतचे अंतर असे हवे की बोटाच्या पहिल्या पेराने चाप सरळ मागे यावा. मूठ जाड असली तर बोट पुरत नाही, ते चाप तिरका ढकलते, आणि गोळी बाजूला जाते. मग परीक्षा. डोळे मिटून हात उचलावयाचा, स्थिर करावयाचा आणि डोळे उघडावयाचे. नळीच्या टोकावरील पाती मागल्या खाचेच्या मध्यभागी आपोआप उभी दिसली तर मूठ साधली. ती एका अंगास कलली असेल तर दोष नजरेचा नव्हे, लाकडाचा. एका पावसाळी संध्याकाळी मी डोळे उघडले आणि पाती मधोमध उभी होती. त्यानंतर मी पुष्कळ स्पर्धा हरलो. पण मुठीवर दोष ढकलण्याची सोय राहिली नाही.

त्याच दशकात क्लबात दुसरा एक वर्ग होता, आणि त्याचा हिशेब अजून चुकता व्हावयाचा आहे. ही परवानाधारक हौशी मंडळी. कोणाचे रिव्हॉल्व्हर मोठे, कोणाच्या नळीची लांबी किती, कोणते हातात ‘भारदस्त’ वाटते, याची चर्चा ते चहाच्या तिसऱ्या कपापर्यंत नेत. आणि ज्याचा पंजा लहान तो सर्वांत मोठे शस्त्र बाळगी, हा मी पाहिलेला नियम आहे. १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईच्या अशोक पंडित यांनी आणि १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल राणा याने सेंटर फायर पिस्तुलात सुवर्णपदके मिळविली, तेव्हा या मंडळींनी पहिला प्रश्न विचारला तो ‘पिस्तूल कुठले होते?’ हाच. हात कोणता होता, तो किती वर्षे उचलला गेला होता, हे विचारण्याची त्यांस कधी गरज भासली नाही.

पुढचा ऱ्हास थोडक्यात सांगतो. २००५ पासून रॅपिड फायर पिस्तुलातील ०.२२ शॉर्ट जातीची शस्त्रे बाद झाली. एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे आणि १५०० ग्रॅमच्या आत भरले पाहिजे, हा शिरस्ता तर होताच. मोजमाप असावे, न्यायासाठी ते हवेच. पण शेवटचे मुक्त शस्त्र जे उरले होते तेही २०१७ साली गेले, आणि त्याच्या जागी एअर पिस्तुलाची मिश्र जोडी आली. गंमत अशी की हे आपण त्यात तरबेज होत असतानाच घडले. मॉस्कोत १९८० साली अलेक्सांदर मेलेंत्येव्ह याने केलेला ५८१ गुणांचा विक्रम चौतीस वर्षे अभेद्य राहिला, तो २०१४ साली ग्रॅनाडाच्या जागतिक स्पर्धेत जिनने ५८३ करून मोडला. त्याच स्पर्धेत आपला जितू राय रौप्यपदकापर्यंत पोहोचला. २०१८ साली ओमप्रकाश मिठारवाल चक्क विश्वविजेता झाला. पण प्रकार ऑलिंपिकबाह्य, म्हणून त्याचे नाव आज किती जणांस आठवते हे पाहावे.

आजच्या मुलांना मी दोष देत नाही. त्यांचे गुण आमच्याहून अधिक आहेत आणि त्यांचे गुरू आमच्याहून सभ्य आहेत. टोकियोत मनू भाकरचे पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडले, आणि तिने तीन वर्षांनी पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके आणली, हे मी ऐकणाऱ्यास पुन्हा पुन्हा सांगतो. माझी तक्रार एवढीच की मूठ आता मागविली जाते, घडविली जात नाही. तीन मापांत जगातले सर्व हात बसवावयाचे, आणि जो हात बसणार नाही त्याने सरावाने बसावे, ही मला त्या जुन्या प्रशिक्षकांच्या सिद्धांताचीच सुधारून काढलेली आवृत्ती वाटते.

गेल्या रविवारी क्लबातील एक मुलगी अंगठ्याच्या मुळाशी पट्टी लावून आली. डावखुरी, डाव्या हाताची ‘मीडियम’ मूठ परदेशाहून चार महिन्यांनी आलेली, आणि ती तिला रोज सोलून काढीत होती. बाक नव्हता म्हणून आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. कोपऱ्यावरल्या वाण्याकडून गेरू आणविला. तिने तळहातास चोळून मूठ आवळली. अंगठ्याखाली एक तांबडा डाग उमटला, गव्हाच्या दाण्याएवढा. तेवढाच मी उतरविला. तिने डोळे मिटून हात उचलला, उघडले, आणि काही न बोलता पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली होती: ‘रेंजच्या आवारात लाकूडकाम करण्यास मनाई आहे.’ सूचनेखाली, कागदाच्या पांढऱ्या कडेवर, कोणाच्या तरी डाव्या अंगठ्याचा गेरूचा ठसा होता.