नारायण शेषाद्री : मुंबईच्या वर्गातून जालन्याच्या मंडळीकडे

नारायण शेषाद्री हे जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीच्या उभारणीतले प्रमुख पाळक. ब्राह्मण कुटुंबात जन्म, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण, पुढे तिथेच शिक्षकी, 1854 मध्ये पाळकदीक्षा आणि मग निजामाच्या राज्यातले जालना, असा त्यांचा जीवनक्रम आहे.

ज्या शाळेने त्यांना घडवले ती जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये सुरू केलेली. तीच पुढे विल्सन कॉलेज म्हणून नावारूपाला आली. तिथे रॉबर्ट नेस्बिट शिकवत. मराठीवरच्या त्यांच्या प्रभुत्वाची मुंबईत ख्याती होती. इंग्रजी, गणित आणि शास्त्रांबरोबर बायबलचे वाचन हा अभ्यासाचा भाग असे. पालक मुलांना पाठवत ते इंग्रजीसाठी, आणि धर्मांतराची चाहूल लागताच काढूनही घेत. 1839 मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शाळेची पटसंख्या एकदम कोसळली होती. 13 सप्टेंबर 1843 रोजी नेस्बिट यांनी नारायण शेषाद्रींना बाप्तिस्मा दिला आणि तोच क्षोभ पुन्हा उसळला.

या वेळी प्रकरण कोर्टात गेले. नारायण यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, नेस्बिट यांच्या घरी राहायला गेला होता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली. स्वतःच्या धर्माचा निर्णय घेण्याइतका मुलगा जाणता झालेला नाही, असे ठरवून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. श्रीपत घरी परतला, पण जातीत परतणे त्याहून कठीण ठरले. मिशनऱ्यांच्या घरी जेवल्याने तो बाटला, असे कर्मठांचे म्हणणे होते. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले आणि त्यापायी त्यांनाही स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात श्रीपतचे नाव त्यामुळे राहिले. थोरल्या भावाचे त्या मानाने फारच मागे पडले. हा अन्याय आहे, कारण नारायण यांचे खरे काम यानंतरचे आहे.

1843 हेच स्कॉटलंडच्या चर्चमधल्या फुटीचे वर्ष. मुंबईचे स्कॉटिश मिशनरी नव्या फ्री चर्चच्या बाजूला गेले आणि जुनी इमारत सोडून त्यांना शाळा नव्याने उभी करावी लागली. बाप्तिस्म्यानंतर नारायण शेषाद्री याच फ्री चर्चच्या शाळेत शिकवू लागले. बाप्तिस्मा आणि पाळकदीक्षा यांत अकरा वर्षांचे अंतर आहे. प्रेसबिटेरियन पद्धतीत उमेदवाराला ईशज्ञान, चर्चचा इतिहास आणि बायबलच्या मूळ भाषा शिकाव्या लागत. परीक्षा घेणारी प्रेसबिटरी म्हणजे पाळक आणि मंडळीचे वडीलजन (एल्डर) यांची सभा. ती आधी उपदेशाचा परवाना देई आणि त्यानंतरच दीक्षा होई. 1854 मध्ये दीक्षा झाली आणि नारायण शेषाद्री आपल्या शिक्षकांच्या बरोबरीचे रेव्हरंड झाले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाताखालचा उपदेशक आणि स्वतः बाप्तिस्मा व प्रभुभोजन देऊ शकणारा पाळक यांच्या दर्जात मोठे अंतर होते. जालन्यात त्यांनी जे उभे केले ते या अधिकाराविना झाले नसते.

पाळक होण्याची दुसरी, अँग्लिकन वाटही मराठवाड्यात होती. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचे काम रतनजी नवरोजी या पारशी ख्रिस्ती पाळकांनी सांभाळले. अँग्लिकन पद्धतीत दीक्षेचा अधिकार बिशपचा. उमेदवार आधी डीकन होतो, काही काळ सेवा करतो आणि मग बिशप व उपस्थित प्रीस्ट त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला प्रीस्टपद देतात. प्रेसबिटेरियनांत बिशप नाही. तिथे मंडळींचे पाळक एकत्र येऊन हात ठेवतात. अभ्यासाची आणि पारखण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच कडक होती.

1860च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्यात काम करू लागले. गावाजवळ हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती आणि राज्य निजामाचे, त्यामुळे मुंबईसारखे इंग्रजांचे कोर्ट पाठीशी नव्हते. त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग समाजातले लोक, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते आणि ज्यांच्या मुलांना शाळेचा उंबरठा ओलांडता येत नव्हता. ब्राह्मण घरातला, इंग्रजी शिकलेला माणूस त्यांच्यात राहून त्यांची मुले शिकवतो, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. बाप्तिस्मा घेतलेल्यांना गावात जगणे अवघड होई. म्हणून जालन्यापासून काही मैलांवर त्यांनी स्वतंत्र वसाहत वसवली आणि तिला बेथेल हे नाव दिले. जमीन निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या कृपेने मिळाली. तिथे चर्च आले, शाळा आली. पाळक आणि शिक्षक ही दोन कामे बेथेलमध्ये पुन्हा एकाच माणसाकडे आली.

वसाहतीला पैसा लागे. ऑक्टोबर 1873 मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली, तिथे नारायण शेषाद्री भारतीय पोशाखात व्यासपीठावर उभे राहिले. त्यांच्या पागोट्याचे वर्णन अमेरिकनांनी आवडीने केले. त्यांनी स्वतः मात्र सभांमधून बेथेलसाठी मदत मागितली. पुढेही ते परदेशी जात राहिले आणि 1891 मध्ये सागरी प्रवासातच त्यांचा मृत्यू झाला.

पाळकदीक्षेच्या या दोन्ही परंपरा, अँग्लिकन आणि प्रेसबिटेरियन, पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात इतर काही चर्चेससह एकत्र आल्या. या चर्चमध्ये आता बिशप आहेत, डीकनची पायरी आहे आणि पाळकाला अधिकृतपणे प्रेसबिटर म्हणतात. पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीसारख्या संस्थेत सेरामपूर विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करून नारायण शेषाद्रींसारखी शिक्षकीतून आलेली व्यक्तीही या मार्गाने दीक्षा घेऊ शकते.