खानदेशातील ज्येष्ठांची निवासव्यवस्था

ज्येष्ठ निवास म्हणजे साठी ओलांडलेल्या व्यक्तींच्या गरजा लक्षात घेऊन बांधलेली, भोजन, देखभाल व वैद्यकीय साहाय्य यांची जोड असलेली घरे. वृद्धाश्रम व ज्येष्ठ निवास हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि वृद्धाश्रमात प्रवेश घ्यावा लागतो, तर ज्येष्ठ निवासातील घर विकत किंवा भाड्याने घेतले जाते. महाराष्ट्रात अशा घरांची बांधणी प्रामुख्याने पुणे परिसरात झाली. परांजपे स्कीम्सचा 'अथश्री' हा त्यांतील एक परिचित प्रकल्प. जळगाव व धुळे जिल्ह्यांत या गरजेचे स्वरूप निराळे आहे.

पार्श्वभूमी

२०११च्या जनगणनेनुसार भारताच्या लोकसंख्येत साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. खानदेशातील तरुण पिढी शिक्षण व नोकरीसाठी पुणे, नाशिक, मुंबई वा सुरत गाठते आणि आईवडील घर व शेतीपाशी राहतात. भुसावळसारख्या रेल्वेच्या व आयुध निर्माणीच्या गावात निवृत्तिवेतनधारक बरेच आहेत. त्यांना दरमहा शुल्क भरून राहण्याचा विचार तरी करता येतो. शेतकरी व शेतमजूर यांना तो आधार नाही. श्रावणबाळ योजनेतून पात्र व्यक्तीस मिळणारी रक्कम २०२३मध्ये वाढवून दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. एवढ्यात औषधे भागली तरी पुष्कळ.

घराची रचना

खानदेशातील जुनी धाब्याची घरे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट छत असलेली घरे, ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही तुलनेने गार राहतात. मात्र उंच ओटा, उंबरठा आणि अंगणापलीकडील शौचालय गुडघे दुखू लागले की अडचणीचे ठरतात. नव्या स्लॅबच्या घरात शौचालय जवळ आले, पण वरचा मजला उन्हात तापतो व जिना चढावा लागतो. त्यामुळे येथे नव्या वसाहतींइतकीच, किंबहुना अधिक, राहत्या घराच्या दुरुस्तीची गरज आहे. महारेराने २०२४मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना जी मानके लागू केली, त्यांत चाकाची खुर्ची जाईल असे रुंद दरवाजे, न घसरणारी फरशी, स्नानगृहातील आधारदांडे व उद्वाहन यांचा समावेश आहे. उद्वाहन वगळता बाकीचे बदल साध्या घरातही फारसा खर्च न करता साधतात.

संस्था व कायदा

राज्यात अनुदानित वृद्धाश्रमांची योजना १९६३पासून, तर मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५पासून आहे. जळगावनजीक सावखेडा शिवारात मातोश्री आनंदाश्रम आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यातील कलम १९नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारू शकते. ही तरतूद निराधारांपुरती आहे. घर आहे, थोडी जमीन आहे, पण सोबत कोणी नाही, असा मोठा वर्ग तीत बसत नाही आणि पुण्याच्या दराने घर घेणेही त्याच्या आवाक्याबाहेर असते.

अशांसाठी याच अधिनियमाचे कलम २३ महत्त्वाचे ठरते. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेले घर, अट मोडल्यास, न्यायाधिकरणाकडे अर्ज करून परत मिळवता येते. हे न्यायाधिकरण उपविभागीय अधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली असते. अट बक्षीसपत्रातच लिहिलेली असणे श्रेयस्कर, कारण तोंडी दिलेला शब्द सिद्ध करणे कठीण जाते.