घोडा, दोर आणि संथ पाणी

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो धरणातून निघून उसाच्या मळ्यांकडे जाणारा पाट. त्याचे काम पाणी पोचवणे, म्हणून त्याला सतत थोडासा उतार दिलेला असतो. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जे कालवे खणले गेले, त्यांचे काम वेगळे होते. तेथे पाण्याला कोठे जायचे नव्हते, मालाला जायचे होते. त्यामुळे शक्य तेवढे पाणी सपाट आणि संथ ठेवलेले असे. जमिनीला चढ आला की तेथे लॉक बांधत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली पाण्याची कोठी. तिच्यात पाणी भरले की आतली नाव वर चढते, सोडले की खाली उतरते.

या कालव्यांच्या एका काठाने एक अरुंद वाट जाते. तिला तिकडे टो-पाथ म्हणतात, आपण ओढवाट म्हणू. मोटेच्या बैलांसाठी विहिरीला जशी धाव, तशी कालव्याला ही ओढवाट. तिच्यावरून घोडा चाले आणि त्याच्या मागे, लांब दोराच्या टोकाला, मालाने भरलेली नाव येई.

एक घोडा किती ओढेल?

पाठीवर लादायचे तर घोडा साधारण सव्वाशे किलो वजन नेऊ शकतो. चांगल्या पक्क्या सडकेवर गाडीला जुंपला तर सुमारे दोन टन. तोच घोडा कालव्यावरची अरुंद नाव ओढू लागला की तिच्यात पंचवीस टन माल सहज असे. रुंद कालव्यावर हा आकडा पन्नास टनांपर्यंत जाई. घोडा तोच, त्याची ताकदही तीच. मग एवढा फरक कोठून आला?

वर्गात करून पाहा. लाकडाच्या ठोकळ्याला रबरबँड बांधा आणि तो टेबलावरून ओढा. रबर बराच ताणला जाईल, तेव्हा कोठे ठोकळा हलेल. आता ठोकळा पाण्याने भरलेल्या टपात सोडा आणि अगदी हळू ओढा. रबर ताणलेला जेमतेमच दिसेल. टेबलावर ठोकळा हलण्याआधी घर्षणावर मात करावी लागते. पाण्यात असा अडसर नसतो, कितीही लहान जोर लावला तरी वस्तू हळूहळू सरकू लागते. आता तोच ठोकळा पाण्यात वेगाने ओढा. पुढे पाण्याचा फुगवटा येतो आणि रबर चांगलाच ताणला जातो. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध सुमारे चौपट, वेग निम्मा केला तर विरोध पाव. कालव्यावरचा घोडा माणसाच्या चालीने, तासाला चार किलोमीटरच्या आसपास, का चाले याचे उत्तर येथे मिळते. पाण्याने दिलेली सवलत सावकाश जाणाऱ्यालाच होती.

या सवलतीचा परिणाम मोठा झाला. ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली येथील खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा काढला. जेम्स ब्रिंडली हा त्याचा अभियंता. १७६१ साली या कालव्याने आयर्वेल नदी दगडी पुलावरून ओलांडली. नदीवरून कालवा आणि कालव्यात नाव, हे पाहायला लोक गर्दी करत. पुढे मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला.

सुरुवातच अवघड

नाव चालू लागली की काम सोपे, पण चालू करणे सोपे नव्हते. हिशेब करून पाहू. नाव आणि माल मिळून चाळीस टन, म्हणजे ४०,००० किलो धरा. घोडा सुमारे ५०० न्यूटन जोर लावतो असे माना. त्वरण येते ०.०१२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे पाण्याचा विरोध शून्य मानला तरी सेकंदाला एक मीटर वेग यायला ८० सेकंद लागतील. तेवढा वेळ घोडा गळपट्ट्यावर सगळा भार टाकून, जवळजवळ जागच्या जागी पाय रोवून उभा. हिसका दिला तर दोर तुटायचा किंवा घोडा घसरायचा. प्रत्येक लॉकपाशी नाव थांबे आणि प्रत्येक वेळी हे पुन्हा करावे लागे. म्हणून काही ठिकाणी लॉकमधून निघताना दोर नावेच्या डोलकाठीवरील कप्पीतून घेऊन त्याचे टोक काठावरच्या खुंटीला अडकवत. त्यामुळे घोड्याचा जोर नावेवर दुप्पट होई. अर्थात घोड्याला अंतरही दुप्पट चालावे लागे. कप्पीचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

दोर तिरका, नाव सरळ

घोडा काठावर, नाव पाण्यात. म्हणजे दोर नेहमी तिरकाच. मग नाव काठावर का आदळत नाही? दोराचा नावेच्या दिशेशी १० अंशांचा कोन आहे असे समजा. ओढीचा ९८ टक्के घटक नावेला पुढे नेतो आणि सुमारे १७ टक्के घटक काठाकडे खेचतो. ही बाजूची ओढ सुकाणू थोडे वळवून काढून टाकता येते. दोर जितका लांब तितका कोन लहान, म्हणून दोर चांगला लांब ठेवत.

समोरून दुसरी नाव आली तर? एका नावेचा दोर सैल सोडत. तो पाण्यात बुडे आणि दुसरी नाव त्याच्यावरून निघून जाई. ओढवाट एका काठावरून दुसऱ्या काठावर गेली तर? घोडा पुलावरून पलीकडे न्यायचा, पण मग दोर पुलाला अडकणार. मुलांना आधी यावर विचार करू द्या. मॅकल्सफील्ड कालव्यावर यासाठी वळसेदार पूल बांधले. घोडा पूल ओलांडून गोल उतरतो आणि त्याच पुलाखालून पुढे जातो, दोर सोडावाच लागत नाही. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरच्या काही पुलांना मध्येच फट ठेवली आहे, दोर तिच्यातून सरकवता येतो.

डोंगर आडवा आला की बोगदा काढत, पण खर्च वाचवण्यासाठी त्यात बहुधा ओढवाट नसे. १८११ साली खुला झालेला स्टँडेज बोगदा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा आहे. तेथे घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे नेत आणि आत माणसे नावेवर उताणी पडून बोगद्याच्या भिंतींना पाय लावून नाव रेटत.

घोड्यामुळे सापडलेली लाट

१८३४ साली जॉन स्कॉट रसेल हा अभियंता एडिंबरोजवळ युनियन कालव्यावर निरीक्षण करत होता. दोन घोडे एक नाव वेगाने ओढत होते. नाव अचानक थांबली, पण तिने ढकललेले पाणी थांबले नाही. त्याचा एकच गोलसर उंचवटा आकार न बदलता पुढे निघाला. रसेलने घोड्यावरून त्याचा मैल-दोन मैल पाठलाग केला. वेग होता ताशी आठ-नऊ मैल, म्हणजे १३ ते १४ किलोमीटर. उथळ पाण्यातील लांब लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली दीड मीटर धरून गुरुत्वत्वरणाशी गुणले आणि वर्गमूळ काढले, तर उत्तर याच सुमाराचे येते. अशा एकाकी लाटेला आज सॉलिटॉन म्हणतात. प्रकाशतंतूंतून जाणाऱ्या स्पंदांच्या अभ्यासातही ती भेटते.

घोड्याच्या लगामापाशी कोण?

रेल्वे आल्यावर कालव्यांचे भाडे उतरले. मजुरी वाचवण्यासाठी नावाड्यांनी बायकामुलांना नावेवरच आणले. साधारण तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद खोलीत सगळे कुटुंब राही. बाई किंवा बाप सुकाणूवर, तर घोड्यामागे बरेचदा आठ-दहा वर्षांचे मूल, पावसात आणि चिखलात मैलोगणती चालणारे. चालता चालता घोड्याला तोबरा मिळे, पण मुलाची शाळा मात्र मागेच राही. जॉर्ज स्मिथ यांनी ही स्थिती लोकांपुढे मांडली, तेव्हा १८७७ साली कायदा झाला आणि १८८४ साली त्यात सुधारणा झाली. नावांची नोंद, माणसांच्या संख्येवर मर्यादा आणि मुलांचे शिक्षण यांचा त्यात विचार होता. तरीही आज या गावी आणि उद्या त्या गावी असलेल्या मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर राहणार? ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले ज्यांच्या वर्गात येतात, त्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही.

आज ओढवाटांवरून लोक फिरायला जातात, सायकली चालवतात. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर मात्र खोल खाचा दिसतात. वाळूमातीने माखलेला ओला दोर वर्षानुवर्षे घासून दगड आणि लोखंडही झिजले आहे. दोर दगडापेक्षा मऊ, मग दगड झिजला कसा? हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. आणि दोराच्या दोन्ही टोकांना कोण कोण होते, हेही विचारावे.