मुलांस जमिनीची ओळख

गावच्या शाळेतील मुलास माती म्हणजे काय असे पुसले असता तो व्याख्या घडाघडा म्हणून दाखवितो; परंतु शाळेमागील ओढ्याची दरड त्याने कधी न्याहाळलेली नसते. आमच्या मते देशावरील शाळांत पहिला धडा तेथेच द्यावा. तळाशी काळा पाषाण, त्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे, मग मुरूम आणि माथ्यावर काळी. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या शिलारसाचा हा खडक ऊनपाण्याने झिजून आपली जमीन झाली, हे त्यास डोळ्यांनी दिसेल.

दुसरा धडा झारीचा. दोन तबकांत सारखीच माती भरून ती सारख्याच उतारावर ठेवावी; एकात हरळी रुजवावी, दुसरे उघडे असावे. झारीने पाणी घालून खाली येईल ते काचेच्या भांड्यांत धरावे. उघड्या मातीचे पाणी अधिक गढूळ येते. ते तसेच ठेविल्यास रेती आधी बसते, चिकण कण मात्र पुष्कळ वेळ तरंगतात. ओढ्यावाटे दूर जातो तो हाच कसदार भाग.

१८४७ सालच्या मोजणीच्या नियमांत पावणेदोन हात खोल उत्तम काळीस १६ आणे प्रत असे. खोली घटली की आणे घटत. उतार व वरून वाहणारे पाणी हे दोष म्हणून नोंदवीत. (आमचे आयुष्य दप्तरात गेले, म्हणून हे स्मरते.) माती वाहून गेली तरी सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते. ज्या मुलाची उद्या वारस म्हणून नोंद व्हावयाची, त्यास शेताच्या वरल्या व खालच्या बांधाशी पहारेने खोली मोजावयास लावावी, आणि आढळेल तो फरक त्याने स्वतःच्या वहीत लिहावा.