डब्यातले पथ्य

वसंतातल्या ह्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्याने मागच्या रांगेत बसून ऐकावे, ही आमची आजवरची रीत. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने आणि कारखान्याच्या फाटकाने केले. तेव्हा विषयही आम्ही आवाक्यातलाच निवडला. पगारवाढ, बोनस आणि कंत्राटी पद्धत ह्यांवर आम्ही तीस वर्षे बोलत आलो. आज जेवणाच्या डब्याविषयी बोलणार आहोत. हा बायकांचा विषय आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी घटकाभर थांबावे. त्यांच्या त्या समजुतीचाही समाचार पुढे घ्यायचा आहे.

कारखान्यातला डबा ही खाजगी वस्तू नव्हे. सुटीचा भोंगा झाला की आठदहा जण वर्तमानपत्र पसरून बसतात, डबे मधोमध उघडतात, आणि कोणाची भाजी कोणाच्या भाकरीबरोबर गेली ह्याचा हिशेब राहत नाही. अशा पंगतीतला एखादा सोबती एकाएकी यंत्रामागे जाऊन एकटा जेवू लागला, की आम्ही दोनच कारणे धरतो : घरी भांडण, नाहीतर रक्तात साखर. भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रोगी असावेत, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. एवढी मोठी जमात असूनही त्यातल्या प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच आहोत.

आमच्या खात्यातल्या एका फिटरने आपला रोग दोन वर्षे लपवला. रात्रपाळी काढून घेतील, पाळीचा भत्ता जाईल, आणि तरणी पोरे ‘पेशंट’ म्हणून हाक मारतील, ही त्याची भीती. पंगतीत बसून तो सर्वांसारखेच जेवे. कोणी पेढा दिला तर नाही म्हणत नसे. बुटाने पायाला फोड आला तो त्याला कळलाही नाही, कारण ह्या रोगात पायाची जाणीवच कमी होत जाते. शेवटी दोन बोटे काढावी लागली. आम्ही इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा वहिनी एवढेच म्हणाल्या, “दादा, तुम्ही रोज ह्यांच्याबरोबर जेवत होता ना?” त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

त्यानंतर आम्ही ठरवले की ज्याला पथ्य आहे त्याने ते पंगतीत बसूनच पाळायचे, आणि ज्याच्या घरी पथ्याचा चांगला पदार्थ होतो त्याने तो कसा केला हे सर्वांस सांगायचे. शनिवारी एक कागद लिहून फलकावर लावायचा. कल्पना सोपी होती. पहिले चार कागद मात्र अगदी निरुपयोगी निघाले. लिहिणारे सगळे पुरुष. ‘तेल अंदाजाने, मीठ चवीपुरते, चांगले शिजवून घ्यावे.’ ज्याने जन्मात कढई धरली नाही त्याचा अंदाज तो काय असणार! आणि मीठ तर चवीपुरतेच नको होते. तेच मापायचे होते.

येथे आम्हांस गिरणगावची आठवण झाली. मुंबईच्या गिरण्यांतले हजारो कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचे उधारीवर जेवत, आणि त्या बायका किराण्यासाठी सावकाराच्या कर्जात असत. कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. तोवर सभा, संप, मोर्चे सारे झाले होते. ज्यांच्या चुलीवर चळवळ जेवली त्यांचा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. आम्हीही तीच चूक नव्याने केली होती. पाचव्या कागदापासून कागद घरी जाऊ लागला, आणि वहिनींनी सांगितलेले शब्द पुरुषांनी मुकाट्याने उतरवून घ्यावेत असा नियम झाला.

माप आल्याबरोबर पुष्कळ गोष्टी उघड्या पडल्या. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की प्रौढ माणसाच्या पोटात दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ जावे. म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा. चार माणसांच्या घराला महिन्याला सहाशे ग्रॅम पुरले पाहिजे. आमच्यातल्या बहुतेक घरांत किलोची पिशवी महिनाभर जेमतेम पुरत होती, म्हणजे माणशी आठ ग्रॅमहून अधिक; आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, पाव ह्यांतले मीठ धरलेलेच नव्हते. पापडात तर मिठाखेरीज पापडखार असतो, आणि रक्तदाबाला वाईट जे सोडियम ते त्यातही असते. पगाराच्या चिठ्ठीत आठ रुपयांची चूक शोधणारे आम्ही, ही चूक वर्षानुवर्षे गिळत होतो.

चहाचा हिशेब त्याहून वाईट. पाळीत सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे बारा चमचे साखर; पन्नास ग्रॅमच्या आसपास. त्यावर एकाने सुचवले की गूळ घालू, गूळ नैसर्गिक आहे. गूळ नैसर्गिक असेल, पण रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो, मधाचेही तेच. ही गोष्ट पटवायला आम्हांस बोनसच्या वाटाघाटींहून अधिक वेळ लागला.

भाकरीविषयीही एक गोड गैरसमज आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात पिष्टमय भाग सुमारे सत्तर ग्रॅम असतो; गव्हात तो फारसा वेगळा नाही. भाकरीचा फायदा एवढाच की ती चावावी लागते, पोटाला धरते, आणि दीड भाकरीवर माणूस थांबतो. पथ्याची म्हणून चार खाल्ल्या तर ते पथ्य राहत नाही. नाचणीचेही तसेच. तिच्यात शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हा तिचा मोठा गुण. पण तिचीच बारीक पिठाची पातळ, गोड आंबील मधुमेह्याला भाकरीसारखी मानवत नाही.

आता दोनतीन कागद सांगतो. आमच्या पंगतीत कोकणातला एकजण कुळथाचे पिठले आणी. घाटावरचे हसत : “आमच्याकडं कुळीथ बैलाला घालतात.” कुळथाच्या शंभर ग्रॅमात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात हे कळल्यावर हसणारांनीच कागद मागितला. भाजलेल्या कुळथाचे पीठ चार चमचे, पाणी अडीच वाट्या, ठेचलेली लसूण सहा पाकळ्या, हिरवी मिरची, फोडणीला दोन छोटे चमचे तेल, मीठ अर्धा चमचा. दोन माणसांना पुरते. आमसूल घालणार असाल तर मीठ आणखी कमी करावे, कारण आमसुलाला बहुधा मीठ लावलेले असते आणि आगळात तर ते भरपूर असते. उलट खानदेशातल्या सोबत्याने कळण्याची भाकरी आणली : ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेले. तिच्या कागदाच्या सर्वांत अधिक नकला झाल्या.

मुगाच्या धिरड्याला मात्र पाच शनिवार गेले. एक वाटी हिरवे मूग रात्रभर भिजवून आले-मिरचीबरोबर वाटावेत, मूठभर चिरलेली मेथी आणि अर्धा चमचा मीठ घालावे, तव्याला तेलाचा नुसता हात लावावा. तव्यावरून उतरलेले फक्कड लागते. पण रात्रपाळीचा डबा दोन वाजता उघडतो, तोवर त्याचे कातडे होई. पुण्याच्या बाजूच्या एका वहिनींनी निरोप धाडला, “वाटीभर दुधी किसून घाला, आणि गार झाल्यावर डब्यात भरा.” दुधीने ते सहा तास मऊ राहिले. पुस्तकातल्या कृतीत ही अडचण नसते, कारण पुस्तक पाळीवर जात नाही.

आमच्या कागदांनी एकदा अपायही केला, आणि तो सांगितलाच पाहिजे. मीठ कमी करण्याच्या उत्साहात आम्ही बाजारातले कमी सोडियमचे मीठ सुचवले. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियमचा असतो. लेथवरचे एक वडीलधारे गृहस्थ तेच वापरू लागले. त्यांचे मूत्रपिंड अधू होते आणि ते आम्हांस ठाऊक नव्हते. तीन आठवड्यांनी नेहमीच्या तपासणीत रक्तातले पोटॅशियम चढलेले निघाले. डॉक्टरांनी वेळीच थांबवले म्हणून निभावले. त्यांनी आम्हांस बोलावून विचारले, “हा कागद कोणी लिहिला?” सही आमचीच होती. तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या तळाशी, मापाच्या खाली, ‘हे कोणी खाऊ नये’ अशी ओळ असते, आणि गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वाचल्याखेरीज कागद लागत नाही. मूत्रपिंडाच्या रोग्याला आमची डाळ-उसळही चालेलच असे नाही. एकाचे पथ्य दुसऱ्याचे कुपथ्य होते. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने रात्रपाळीत जेवण लांबवले तर घाम सुटून भोवळ येते. म्हणून पथ्याच्या डब्याशेजारी खिशात साखरेची पुडी ठेवायला आम्हीच सांगतो.

राहता राहिले कंत्राटी कामगार. सहाजण एका खोलीत, चूल नाही, सकाळी वडापाव. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतो. त्यांच्या हातात धिरड्याचा कागद देणे ही थट्टा आहे. त्यांचा डबा म्हणजे कॅन्टीन. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे कॅन्टीन आणि तिच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी ह्यांची तरतूद केली होती. २०२० च्या संहितेने तो आकडा शंभरावर आणला आणि कंत्राटी कामगारही त्यात धरले. आमच्या समितीत आजवर चर्चा होई ती भजी गार का, ह्याची. गेल्या वर्षी आम्ही तीन मागण्या टाकल्या : बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली, रोज एक उसळ, आणि भाजीतले तेल व मीठ मापून घालणे. किटली आली. उसळ आठवड्यातून तीन दिवस मिळते. मापाला कंत्राटदाराची हरकत आहे. चव गेली तर ताटे परत येतील असे त्याचे म्हणणे. फिटरच्या वहिनींनी त्याच्या आचाऱ्याला एक दिवस स्वतः मापून भाजी करून दाखवण्याचे कबूल केले आहे. फाटकातून त्यांना आत येऊ देण्याचा परवाना अजून मिळालेला नाही.